भिंतीपलीकडे कोण आहे?



पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचा तो संकल्प आहे. जत्रेत बकरे कापले, नवसाचे कोंबडे दिले, रागाच्या भरात कोणावर हात उगारला, म्हणजे शील मोडले, हे दीक्षा घेतलेल्या घरातील लहान मुलालाही कळते. परंतु ज्या हिंसेत हात उगारला जात नाही, मनात द्वेष नसतो, जखमी होणारा माणूस समोर दिसतही नाही, त्या हिंसेचे काय? तिला हिंसा म्हणावे की नाही? हा प्रश्न पंडितांच्या वादासारखा वाटेल. पण तो आपल्या प्रत्येकाच्या घरातील कचऱ्याच्या डब्यात रोज पडलेला असतो.

त्या डब्यात काय काय जाते ते पाहू. घड्याळाचे आणि टॉर्चचे संपलेले सेल. फुगलेली मोबाईलची बॅटरी. गेलेली ट्यूबलाईट, सीएफएलचा दिवा. वडिलांना साखरेचा आजार असेल तर इन्सुलिनच्या सुया. मुदत संपलेल्या गोळ्या आणि औषधाच्या बाटल्या. ढेकूण आणि उंदीर मारण्याचे औषध. रंगाचा अर्धा डबा, संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली. गावाकडच्या घरात फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे. यांतली प्रत्येक वस्तू आपल्या सोयीसाठी आली होती. काम संपले की आपण ती भाजीच्या देठांबरोबर एकाच पिशवीत कोंबतो, पिशवीला गाठ मारतो आणि दारापुढे ठेवतो. आपल्या दृष्टीने ती वस्तू तिथे संपली.

परंतु ती संपलेली नसते. ट्यूबलाईटमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. नळी फुटली की त्याची वाफ हवेत मिसळते आणि श्वासावाटे शरीरात जाते. पारा मेंदूवर आणि मूत्रपिंडावर परिणाम करतो. जुन्या पद्धतीच्या तापमापकात तर त्याहून कितीतरी पट जास्त पारा असतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि अमुक इतके शिसे पोटात गेले तरी चालेल अशी सुरक्षित मर्यादा वैद्यकशास्त्राला आजवर सापडलेली नाही. मोबाईलची बॅटरी दाबली गेली किंवा तिला भोक पडले, तर ती पेट घेते आणि तिच्याबरोबर कचऱ्याची सबंध गाडी पेटू शकते. वापरलेली सुई हातात घुसली, तर रक्तातून कावीळ किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. आपल्या घरातून गेलेला पदार्थ असा दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरापर्यंत पोहोचतो.

हा दुसरा कोण?

गाठ मारलेली पिशवी कोणीतरी सोडतो. घंटागाडीवरचा कामगार सोडतो, कचरा वेचणारी बाई सोडते, भंगाराच्या दुकानात वर्गवारी करणारा पोरगा सोडतो. मुंबई-पुण्याच्या सफाई कामगारांत आणि कचरावेचकांत बौद्ध, मातंग, वाल्मीकी, मेघवाळ घरांतील माणसे किती आहेत, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पुण्याला आलेल्या कित्येक बायांनी याच कामावर मुले वाढवली. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असे काम करणारी आजी, मावशी किंवा चुलती असेल.

आपला इतिहास इथे आठवलाच पाहिजे. गावात मेलेले ढोर ओढायचे ते महाराने. ढोर ज्याचे, तो सोवळा राहायचा आणि ज्याने त्याची घाण दूर केली, तो अस्पृश्य ठरायचा. न्यायाची एवढी उलटी रीत जगात क्वचितच सापडेल. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध त्यांनी विधेयक मांडले. आपल्या वाडवडिलांनी उपासमार सोसली, गावाचा बहिष्कार सोसला, पण ती कामे टाकली. पुढे नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या धर्माने ही रीत पवित्र मानली होती तोच सोडला.

ज्या १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले, त्याच वर्षापासून मुंबईचा कचरा देवनारला पडत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली. कित्येक दिवस धूर निघत होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा साऱ्या मुंबईचा होता, पण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त धूर गिळला तो गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या वस्त्यांनी. गावकुस गेले असे आपण म्हणतो. शहराने मात्र स्वतःचे नवे गावकुस उभे केले आणि आपली घाण त्याच्यापलीकडे लोटली.

आता स्वतःला विचारण्याचा प्रश्न येतो. आपल्यापैकी पुष्कळांनी शिक्षण घेतले, नोकरी मिळवली, चाळ सोडून सोसायटीत घर घेतले. बाबासाहेबांच्या पुण्याईने हे घडले आणि त्याचा अभिमान असावा. पण सोसायटीच्या दारात गाठ मारलेली पिशवी ठेवून, ती कोण उचलतो याकडे न पाहता आपण दार लावून घेतो, तेव्हा आपण कोणाच्या जागी उभे असतो? ढोर ओढणाऱ्याच्या, की ढोराच्या मालकाच्या? दीक्षा घेऊन आपण जुन्या उतरंडीतून बाहेर पडलो. त्याच उतरंडीत एक पायरी वर चढून बसण्यासाठी ती दीक्षा नव्हती.

यावर कोणी म्हणेल, “अहो, आमच्या मनात कोणाला दुखवण्याचा हेतू नसतो. भगवान बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. हेतू नाही तर दोष कसला?” हा आक्षेप खोटा नाही, त्याला उत्तर दिले पाहिजे.

विनयपिटकात भिक्षुणींसाठी एक नियम आहे. त्यामागची हकिगत श्रावस्तीची आहे. एक ब्राह्मण डोक्यावरून अंघोळ करून, राजदरबारी नेमणूक मागण्यासाठी भिक्षुणींच्या विहाराजवळून चालला होता. आतल्या एका भिक्षुणीने भांड्यातील मैला भिंतीवरून पलीकडे फेकला, तो थेट त्याच्या डोक्यावर पडला. तिचे त्या माणसाशी काही वैर नव्हते. तो तिथे आहे हेही तिला ठाऊक नव्हते. तरीसुद्धा भगवंतांनी नियम घालून दिला, की मलमूत्र, केरकचरा किंवा उष्टे अन्न भिंतीपलीकडे किंवा कुंपणापलीकडे टाकणे हा दोष आहे. आणि केवळ स्वतः टाकणे नव्हे, दुसऱ्याकडून टाकवून घेणे हाही दोषच आहे. दोष कधी लागत नाही? पलीकडे पाहून टाकले तर, किंवा जिथे कोणाची ये-जा नाही अशा जागी टाकले तर.

या लहानशा नियमात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. वैर नव्हते, म्हणून ती द्वेषाची दोषी ठरली नाही. पण पाहणे शक्य असताना तिने पाहिले नाही. त्या न पाहण्याला धम्मात नाव आहे, प्रमाद. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्षूंना जो शेवटचा उपदेश केला, तो अप्रमादाचाच होता. आपल्याला माहीत नाही असे म्हणणारा माणूस पुष्कळदा माहीत करून घ्यायचे टाळत असतो. सुई टोचते, काच कापते, ॲसिड भाजते, हे कोणाला माहीत नाही? ते माहीत असूनही पलीकडच्या माणसाचा विचार न करणे, हे निष्पापपण नव्हे.

राहुलाला केलेल्या उपदेशातही हेच आहे. कोणतेही कृत्य करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, त्याने आपल्याला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय, हे आरशात पाहावे तसे तपासून पाहा, असे भगवंतांनी त्याला शिकवले. पूजा, वंदना, परित्राणपाठ यांच्यासाठीच हा आरसा आहे असे मानू नये. कचऱ्याची पिशवी बांधतानाही तो हाती धरता येतो.

दुसरा आक्षेप असा, की “आमच्या घरच्या दोन सेलांनी काय होणार? कारखाने नद्यांत विष सोडतात. आधी त्यांना विचारा.” कारखान्यांना विचारलेच पाहिजे. ज्या १९५६ साली नागपूरला धम्मचक्र फिरले, त्याच वर्षी जपानमधील मिनामाटा येथे एका नव्या रोगाची अधिकृत नोंद झाली. रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत गेला, माशांतून कोळ्यांच्या घरांत गेला, आणि हातपाय थरथरणारी, बोलता न येणारी माणसे घरोघर दिसू लागली. त्या गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. पण मोठ्याचा अपराध दाखवून धाकट्याचे कर्तव्य संपत नाही. शिवाय घरातून फेकलेली सुई टोचण्यासाठी कारखान्याची गरज लागत नाही. त्या बाईच्या बोटाला ती एकच सुई पुरते.

शिकलेल्या माणसांकडूनही असा प्रमाद घडतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातील एक जुने, कित्येक वर्षे वापरात नसलेले किरणोत्सर्गी यंत्र भंगारात लिलावाने विकले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. ते काय आहे हे फोडणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते. एक भंगार कामगार मरण पावला, इतर कित्येक जण आजारी पडले. हा घरगुती कचरा नव्हता हे खरे. पण रीत तीच होती. माहिती विकणाऱ्याकडे होती, धोका उचलणाऱ्याच्या वाट्याला आला. म्हणून मी म्हणतो, की घातक वस्तू हातावेगळी करताना तिच्याबरोबर तिची माहितीही दिली पाहिजे. माहिती लपवून दिलेली वस्तू हे दान नव्हे, व्यवहारही नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र कळकळीचा आहे. “कचरा वेचूनच त्यांचे पोट चालते. आपण सगळे वेगळे काढले तर त्यांनी खायचे काय?” याचे उत्तर पुण्याच्या कचरावेचकांनी स्वतःच दिले आहे. १९९३ साली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली आणि २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कुंडीत उतरून उकिरडा उपसण्याऐवजी दारातून वेगळा केलेला सुका माल घेणे, तो विकून आलेला पैसा आपलाच असणे, वर सेवेचे शुल्क मिळणे, हा तो मार्ग. घाणीने कोणाचे पोट भरत नाही. पोट भरते ते कागद, काच, पत्रा, प्लास्टिक यांनी. तो माल स्वच्छ आणि कोरडा दिला, तर त्याला भाव जास्त येतो. सुया, औषधे आणि विष यांना बाजारात काही किंमत नाही. ती मिसळून दिल्याने कोणाची भाकरी वाढत नाही.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. “सफाईचे काम थोर आहे, ते करणारे पूज्य आहेत” अशी भाषणे आपण फार ऐकली. अशा गौरवाचा खरा अर्थ बाबासाहेबांनी उघडा पाडला होता. भारतात भंगी हा कामाने ठरत नाही, जन्माने ठरतो, आणि त्या कामाची स्तुती करणे म्हणजे त्याला तिथेच बांधून ठेवणे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा सफाई कामगाराला हार घालून आपली सुटका नाही. त्याला हातमोजे हवेत, रीतसर मजुरी हवी, आणि त्याच्या मुलांना हे काम सोडण्याची मोकळीक हवी. तोवर निदान आपल्या घरातून त्याच्या हातात विष जाऊ नये.

प्रत्यक्षात काय करावे? वापरलेली सुई झाकण घट्ट बसणाऱ्या जाड बाटलीत साठवावी, बाटलीवर ‘सुया’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि ती दवाखान्यात किंवा पालिकेच्या केंद्रात घेतात का, हे विचारून द्यावी. सेल आणि बॅटऱ्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात, मोबाईलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. अंगणात फोडून शिसे काढणाऱ्याला ती चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नये. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडून मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटे बाहेर जावे, मग तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने उचलून झाकणाच्या बरणीत घालावेत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. पुण्याच्या कचरावेचक भगिनींनी हाच आग्रह धरला आहे. फवारणीचा रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडावीत, आणि त्यात पाणी, तेल किंवा धान्य कधीही भरू नये. वायरी आणि प्लास्टिक घरामागे जाळू नये.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरांना आणखी एक अडचण येते. देव्हाऱ्यातील मूर्ती, टाक आणि तसबिरी यांचे काय करायचे? पुष्कळ जण ते नदीत सोडून मोकळे होतात. ज्यांचे देवपण आपण मानत नाही, त्यांच्यासाठी नदी घाण करणे हा जुन्या रूढीचाच अवशेष आहे. पितळ, तांबे, चांदी ही धातू म्हणून मोडीत द्यावीत. तसबिरीची काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावी. प्लॅस्टरची रंगवलेली मूर्ती पाण्यात न टाकता पालिकेच्या केंद्रात द्यावी. हे करताना शेजाऱ्यांच्या भावनांची टवाळी करू नये.

वस्तू टाकण्यापूर्वी ती पुन्हा उपयोगी पडते का, हे पाहण्याची शिकवणही आपल्या परंपरेत आहे. आरंभीचे भिक्षू उकिरड्यावरच्या चिंध्या धुऊन, शिवून त्यांचे चीवर करीत. त्यालाच पांसुकूल म्हणत. कौशांबीच्या उदयन राजाच्या स्त्रियांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दिली, तेव्हा राजाने विचारले, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्षूंना देऊ. आणि ती जुनी चीवरे? त्यांची पांघरुणे, मग गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरच्या बैठका, मग पायपुसणी, मग झटकणी. आणि शेवटी त्या चिंध्या कुटून, मातीत कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. घेतलेल्या वस्तूचा हिशेब शेवटच्या चिंधीपर्यंत देता आला पाहिजे, असा हा धडा आहे.

अर्थात सर्व भार गृहिणीच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा हा वेगळा भाग मानला आणि दर वीस चौरस किलोमीटरला त्याचे एक जमा केंद्र पालिकेने उघडावे असे सांगितले. २०२६ च्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग ठरवून दिले. बॅटऱ्या तयार करणाऱ्या कंपन्यांनीच त्या परत गोळा कराव्यात, असा नियम २०२२ साली झाला. कायदा कागदावर आहे. तो वस्तीत उतरवण्यासाठी मागणी करावी लागते, आणि मागणी कशी करावी हे आपल्या समाजाला शिकवण्याची गरज नाही. आपल्या प्रभागातील केंद्र कुठे आहे, असे महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने पालिकेला लेखी विचारावे. केंद्र नसेल तर अर्ज, शिष्टमंडळ, मोर्चा हे मार्ग आहेतच. तोवर विहारात सेलांसाठी एक झाकणाचा डबा ठेवावा आणि भरला की चार जणांनी जाऊन तो केंद्रात पोहोचवावा. ज्या दिवशी सगळे वंदनेला जमतात, त्या दिवशी हे सहज होते.

राजगृहाचा सुनीत निर्माल्य आणि केर उचलून पोट भरीत असे. भगवंत समोरून येताना पाहून तो संकोचाने भिंतीला चिकटून उभा राहिला. भगवंत त्याला ओलांडून पुढे गेले नाहीत. त्याच्यापाशी थांबले आणि त्याला संघात घेतले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सुनीताच्या दीक्षेला आवर्जून स्थान दिले आहे.

आपल्याला थांबता येईल असे ठिकाण रोज समोर येते. सकाळी घंटागाडी आली, की दार उघडून त्या बाईला किंवा भाऊला नावाने हाक मारावी, आणि हातात पिशवी देताना सांगावे, “ताई, यात काच आहे, जपून.” एवढे सांगण्यासाठी आधी ती काच वेगळी बांधलेली असावी लागते. आणि ती वेगळी बांधण्यासाठी, पलीकडे एक माणूस आहे हे आदल्या रात्रीच आठवलेले असावे लागते. पहिले शील म्हणून झाल्यावर एवढे आठवले, तरी ते शील ओठांवरून घरात उतरले असे म्हणता येईल.

जय भीम!